इनासमामाची वीत

इनासमामाने माझं नाव सहा वर्षं एका खिळ्याला टांगून ठेवलं होतं. वसई गावातून पाचूबंदरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, त्याच्या गॅरेजच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बरोबर नजरेच्या उंचीवर. गाडीचा एक जळका ऑक्सिजन सेन्सर, त्याची वितळून गोळा झालेली वायर आणि तिच्या टोकाच्या प्लगवर माझ्या दुकानाचं पिवळं स्टिकर. वायर जळली, स्टिकर जळलं नाही. माझं नशीब हे असं.

माझं वालीवला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. नालासोपाऱ्यात एका पिशवीनिशी उतरलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात खोकी उचलत होतो, आता माझी खोकी दुसरे उचलतात. यात कुणाची मदत नाही आणि कुणाचे आभारही नाहीत. भाव करणं मला येतं, चढा आवाज लावणं त्याहून चांगलं येतं. एवढं सांगितलं म्हणजे इनासमामाशी माझं का जमलं नाही ते कळेल. तो भाव करत नसे आणि आवाजही चढवत नसे.

तो पाचूबंदरच्या ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातला. वडील नाखवा, दोघे भाऊ बोटीवर. याला तरुणपणी बोटीच्या इंजिनाचं वेड लागलं आणि इंजिनामागोमाग तो समुद्रातून रस्त्यावर आला. पण समुद्र त्याच्या हातातून गेला नव्हता. सगळं तो हातानेच मोजायचा. जाळ्याचा डोळा बोटांनी, दोरी वावेनं, म्हणजे दोन्ही हात पसरून, आणि गाडीची प्रत्येक वायर वितीनं. टेप त्याच्या गॅरेजमध्ये होती, पण ती गिऱ्हाइकाला बसायच्या बाकाचा लंगडा पाय टेकवायला. पंजा वल्ह्यासारखा. अंगठा आणि करंगळी ताणून तो वायरीवर हात टाकत पुढे सरकवायचा आणि तोंडाने मोजायचा, तेव्हा एखादी मोठी कुर्ली टेबलावरून चालतेय असं वाटे.

आमची पहिली भेटच वाकडी झाली. माझ्याच गाडीत चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला होता. माझ्याकडे स्कॅनर होता, त्यानं ऑक्सिजन सेन्सर सांगितला. माझ्याच दुकानात तो सेन्सर होता. फक्त बसवायला माणूस हवा होता, आणि वसईत गंजलेला सेन्सर न मोडता काढणारा एकच, असं जो तो सांगत होता. मी खोकं त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हणालो, "हा टाक. पंधरा मिनिटांचं काम आहे."

त्यानं खोकं उघडलंच नाही. उचलून फळीवर ठेवलं, येशूच्या तसबिरीखाली.

"जुना काय बोलतो ते आधी ऐकू दे."

"स्कॅनर बोलला ना!"

"शेट, मशीन नाव सांगते. गुन्हा सांगत नाय."

मग त्याने गाडी चालू केली, एका डब्यात साबणाचं पाणी कालवलं आणि धुराच्या पाइपाच्या सांध्यांवर ब्रशने लावत बसला. मी घड्याळ बघत उभा. सेन्सरच्या जरा आधीच्या सांध्यावर बुडबुडे आले. तिथली पॅकिंग फुटली होती, बाहेरची हवा आत शिरत होती, आणि सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता की हवा जास्त झालीय. इनासमामाने सांध्याची पॅकिंग बदलली, दिवा घालवला आणि माझं खोकं सील न तोडता माझ्या हातात दिलं.

"घेऊन जा. दुसऱ्याला वीक."

हे तो सरळपणे म्हणाला की टोमण्याने, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण मी ते टोमणा म्हणूनच घरी नेलं.

यानंतर मी त्याला ब्रेकचं सामान, फिल्टर वगैरे पुरवू लागलो, कारण धंदा धंद्याच्या जागी. आठवड्यातून एकदा त्याच्या गॅरेजवर फेरी व्हायची. रविवारी देवळातली मिसा झाल्याशिवाय तो शटर उघडत नसे. दुपारी देवळाची घंटा झाली की हातातला पाना आहे तिथे ठेवून जेवायला बसे, मग समोर कुणाची का गाडी असेना. एकटाच काम करायचा. बोलायचा कमी, पण गिऱ्हाइकाने विचारलं तर समजावून सांगायचा, आणि ते बोटीच्या भाषेत.

गाडीच्या धुरात किती ऑक्सिजन उरला हे हुंगून सांगणारा, अंगठ्याएवढा भाग म्हणजे हा सेन्सर. बहुतेक गाड्यांत असे दोन असतात. धूर साफ करणारा डबा असतो त्याच्या आधी एक आणि नंतर एक. इनासमामा पहिल्याला तांडेल म्हणायचा आणि दुसऱ्याला काठावरची बाय.

"तांडेल बोटीवर असतो. तो सांगल तसं इंजिन पेट्रोल पितं. तो चुकला का बोट गेली. काठावरची बाय काय करते? टोपलीत काय आलं ते बगते आनि नासलेलं आसंल तर बोंब मारते. ती बिघडली तर बोट चालते, पन बोंब थांबत नाय."

लोक हसायचे. पण एकदा ऐकलं की पुन्हा कुणी पहिल्याच्या जागी दुसरा मागत नसे. मी स्वतः माझ्या काउंटरवर हीच भाषा वापरायला लागलो. कुणाची आहे ते सांगत नसे.

आता त्या खिळ्याची गोष्ट.

कल्पना नावाची एक बाई पाचूबंदरची मुलं व्हॅनमधून वसईतल्या शाळेत पोचवायची. नवरा बोटीवर, घर या व्हॅनवर. पेटीसारखी व्हॅन, इंजिन पुढच्या सीटखाली, गॅसचा सिलिंडर मागच्या सीटखाली. शुक्रवारी आरटीओची पासिंग होती आणि सोमवारी तिच्या व्हॅनमध्ये पिवळा दिवा लागला. शाळेने लेखी कळवलं होतं, शुक्रवारी पासिंग झाली नाही तर फेरी दुसऱ्या व्हॅनला जाणार. दुसरा व्हॅनवाला शाळेच्या गेटवर उभाच होता.

ती मंगळवारी माझ्या दुकानात आली. कुणा मेकॅनिकने कोड काढून दिला होता. दुसरा सेन्सर, काठावरची बाय. मी यादी पाहिली. तिच्या गाडीचा नेमका सेन्सर माझ्याकडे नव्हता. मागवला तर चार दिवस.

"चार दिवस नाही हो दादा. शुक्रवारी पासिंग आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी बघून मी विरघळलो असं मी म्हणणार नाही. माझ्या दुकानातून गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलेलं मला चालत नाही, एवढंच. माझ्याकडे दुसऱ्या मॉडेलचा सेन्सर होता. आटे तेच, प्लग तोच, चारही वायरींचे रंग तेच. फक्त वायर लांब होती. वालीवमध्ये आमचा सगळा धंदाच या एका शब्दावर चालतो. मी तो शब्द म्हणालो.

"बसेल. जास्तीची वायर गुंडाळून टायने बांधायला सांग."

बसला. दिवा गेला. तिने फोन करून आभारही मानले.

गुरुवारी दुपारी मी इनासमामाकडे ब्रेकचे लायनर घेऊन गेलो होतो. रस्त्याच्या कडेला बोंबील वाळत होते, वास असा की बाहेरच्या माणसाने नाकाला रुमाल लावावा. इनासमामा एका रिक्षेच्या चाकाशी बसला होता. एकदम त्याने मान वर केली.

"काय जलतंय?"

मला बोंबलांशिवाय काही येत नव्हतं. समोरून शाळा सुटल्यावरची कल्पनाची व्हॅन येत होती, पोरं खिडकीतून हात बाहेर काढून ओरडत होती. इनासमामा उठला आणि चालत, धावत नव्हे, चालत रस्त्याच्या मध्यभागी जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. व्हॅन त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"चावी बंद कर. उतर."

"मामा, काय झालं?"

"पोरी, उतर आधी."

तेव्हा मला वास आला. प्लास्टिकचा. पुढच्या सीटखालून निळसर धुराची एक रेघ निघत होती.

"शेट, मागची पोरं!"

मी सरकत्या दरवाजाचं हँडल ओढलं. खाऱ्या हवेने त्याची पट्टी गंजलेली, दरवाजा वीतभर सरकला आणि अडकला. आत सात पोरं. मी आयुष्यात खूप वजनं उचलली आहेत, पण त्या दरवाजाइतकं जड काही नव्हतं. पाय लावून ओढला तेव्हा तो करकरत उघडला. पोरं एकामागून एक खाली घेतली. शेवटच्या सीटवर एक लहान मुलगी झोपली होती. तिच्या बुडाखाली सिलिंडर होता. तिला उचलताना तिनं डोळे उघडून विचारलं, "घर आलं?"

इनासमामाने तोवर सिलिंडरचा वॉल्व्ह फिरवून बंद केला होता आणि बॅटरीची तार काढली होती. कल्पना पोरांना भिंतीच्या सावलीत बसवून पुन्हा पुन्हा मोजत होती. सात भरत होती आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत होती.

गाडी निवेपर्यंत तो थांबला. मग पाठीवर झोपून खाली गेला. बाहेर आला तेव्हा हातात सेन्सरपासून बोटभर अंतरावर कापलेली वायर होती, सेन्सर पाइपातच होता. ज्या प्लास्टिकच्या टायने गुंडाळी बांधली होती तो वितळला होता, गुंडाळी सुटून तापलेल्या पाइपावर पडली होती आणि वायरींची तांब्याची तोंडं उघडी पडली होती. पाइपापासून पेट्रोलची नळी किती लांब होती ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

"जुना सेन्सर ठेवलायस?"

कल्पनाने डॅशबोर्डच्या खणातून काढून दिला. त्याने बाकावर दोन्ही वायरी शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्याची ती कुर्ली चालायला लागली. जुनी, चार विती दोन बोटं. नवी, जळालेला भाग धरून, पाच विती दोन बोटं.

"एक वीत उपरी."

मग त्याने प्लग उलटा केला आणि पिवळं स्टिकर वाचलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोवर चार माणसं जमली होती. ती माझ्याकडे बघत होती.

माझा आवाज चढला. "आटे तेच! प्लग तोच! दिवा गेला होता की नाही, विचार तिला! बांधणाऱ्यानं नीट बांधली नाही, त्यात माझा काय दोष? बसला होता ना?"

"बसला व्हता," तो म्हणाला. "तिचा नव्हता."

एवढंच. मी अजून पाच मिनिटं ओरडत होतो. समोरचा ओरडत नसेल तर भांडण फार लवकर संपतं, आणि आपण मध्येच उभे राहतो.

नंतर तो माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "उद्या अकराला पासिंग हाय. सकाली तिचा सेन्सर पायजे."

"चार दिवस लागतात."

"तू वालीवचा शेट हायस. मी मेकॅनिक. मला चार दिस लागतात."

ही त्याची चाल होती हे मला कळत होतं. तरी मी चाललो. त्या दुपारी मी ओळखीच्या प्रत्येक दुकानाला फोन लावले, शेवटी ठाण्याच्या एका व्यापाऱ्याकडे तिचा सेन्सर निघाला. तिचा जुना सेन्सर घेऊन स्वतः गाडी काढून गेलो, खोकं घेतलं, जुन्या सेन्सरवरचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर एकेक आकडा करून जुळवला. माझ्या धंद्यात पहिल्यांदा.

शुक्रवारी सकाळी सातला मी गॅरेजवर होतो. त्याने खोकं घेतलं, आणि माझ्यासमोर पुन्हा विती टाकल्या. चार विती दोन बोटं.

"नंबर जुळलाय," मी म्हणालो.

"नंबर कागदावर हाय. वायर गाडीत जाते."

खरी धास्ती पुढे होती. माझा तो जळका सेन्सर मंगळवारी ज्या कुणी बसवला त्यानं आट्यांना पेस्ट न लावता, पान्यावर उभं राहून आवळला होता. जोर करून काढला तर पाइपातले आटे त्याच्यासकट उपटून येणार. मग पाइप बदला, म्हणजे पासिंग गेली, फेरी गेली. इनासमामाने तेल मारलं आणि इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं.

"जरा कोमट पायजे. थंड लोखंड हट्टी असतंय."

वायरीसाठी फट असलेला खास सॉकेट त्याने चढवला. पाव फेरा उलट. थांबला. पाव फेरा सुलट, परत आत. तेल. पुन्हा पाव फेरा उलट. आठ वाजले. साडेआठ वाजले. कल्पना दारात उभी, हातात कागदांची पिशवी. माझे हात शिवशिवत होते.

"अरे लाव ना जोर! नऊ वाजायला आले!"

गाडीखालून त्याचा आवाज आला. "शेट, तू बाहेर जाऊन कोनाशी तरी भांड. इथं आवाज नको. मला आटे ऐकायचेत."

मी बाहेर गेलो. खरंच गेलो. बोंबलांच्या मांडवाशी उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी येऊन माझ्याशी भांडावं. आतून एक बारीक कचकच आली. मग इनासमामा म्हणाला, "आला." आटे शाबूत होते.

नव्या सेन्सरच्या आट्यांना त्याने पेस्ट लावली, टोकाला बोट न लावता. टोकाला बोट लावू द्यायचा नाही कुणाला, म्हणायचा, ते त्याचं नाक आहे. आधी हाताने फिरवून बसवला, मग पाना. वायर त्याच्या मूळच्या क्लिपांतून ओढली, ती कुठे ताणली नाही, कुठे लोंबली नाही. दिवा घालवला, गाडी चालू केली, वीस मिनिटं मीटरकडे बघत बसला. कल्पना साडेदहाला निघाली. दीड वाजता तिचा फोन आला. पास झाली होती. फेरी तिच्याकडेच राहिली, अजून आहे.

मला वाटलं प्रकरण मिटलं. पुढच्या आठवड्यात लायनर घेऊन गेलो तर दारात खिळा आणि खिळ्याला माझं नाव.

"हे काय आहे?"

"सेन्सर."

"काढ ते."

"नाय."

मी सर्व प्रकार केले. गोड बोललो. माल बंद करायची धमकी दिली. एकदा तर हात घालायला गेलो, तेव्हा तो नुसता बाजूला झाला आणि म्हणाला, "घेऊन जायचं आसंल तर जा. मी आडवनार नाय." मग मला ते घेता येईना. मी ओरडलो, "तू मला फोन करू शकत होतास! चार माणसांत स्टिकर कशाला वाचलंस? आणि सेन्सर मी विकला, तो नीट न बसवणाऱ्याचं नाव का नाही टांगलंस?"

तो बाकावर बसला. पहिल्यांदाच एवढं बोलला.

"ते तुज्यासाठी नाय टांगलं. पोरगी सोमवारी आधी माज्याकडं आली व्हती. मी तिला बोल्लो, चार दिस थांब. ती बोल्ली, शुक्रवारी पासिंग हाय. मी बोल्लो, मग मी काय करू? आनि पाठ फिरवली. जेवनाची घंटा झाली व्हती, शेट. एक फोन तुला तवाच केला असता तर तू ठान्याला तवाच गेला असता. तू जातोस, मला ठाव हाय. ते मला रोज दिसायला पायजे."

"मग माझं स्टिकर तरी काढ!"

त्याने थोडा विचार केला. खरोखर केला, मी पाहिलं.

"स्टिकर काढला तर एकट्याची चूक ऱ्हाते. खोटं व्हईल."

ज्यांना उत्तर देता येत नाही अशी माणसं मला आवडत नाहीत. मी त्याच्याकडे माल देत राहिलो, पण पुढची सहा वर्षं त्या दारातून जाताना मान वर करून गेलो नाही. आणि त्या सहा वर्षांत वालीवच्या माझ्या काउंटरवर तो आमचा 'बसेल' हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही, त्यापायी गिऱ्हाइकं गमावली. त्याचाही राग त्याच्यावरच आहे.

गेल्या वर्षी त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले आणि गॅरेज भाड्याने गेलं. या पावसाळ्यानंतर एका सकाळी दुकानासमोर रिक्षा थांबली. इनासमामा उतरला. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट. कामाच्या कपड्यांशिवाय त्याला मी पहिल्यांदा पाहत होतो, तो निम्मा वाटला. काउंटरपर्यंत येताना त्याचा हात हवेत जागा शोधत होता.

"शेट हाय?"

"आहे. बस."

त्याने रुमालाची गाठ सोडली. आत एक गंजलेला सेन्सर. "माज्या पोराच्या गाडीचा. काठावरची बाय. नंबर खाऱ्या हवेनं खाल्ला, मला आता दिसतबी नाय."

"खिळ्यावरच्याचं काय केलंस?"

"हाय तिथंच. भाडेकरूला सांगितलंय, खिला सोडून कायपन काढ."

मी शिवी गिळली. गाडीचं मॉडेल विचारलं, फळीवरून तीन खोकी काढली. तिन्हींचे आटे सारखे, प्लग सारखे. जुना सेन्सर काउंटरवर सरळ केला आणि काय करतोय हे लक्षात यायच्या आत माझा पंजा त्याच्या वायरीवर पसरला होता. मी तोंडाने मोजत होतो. तो मान किंचित कलती करून ऐकत होता, जसा आटे ऐकायचा.

"तीन विती," मी म्हणालो.

त्याने हात पुढे केला, चाचपडत माझा पंजा शोधला आणि आपला पंजा त्यावर ठेवला. अंगठ्याला अंगठा लावला. त्याची करंगळी माझ्या करंगळीच्या पुढे गेली. हात अजून तसाच होता, जाड, खरखरीत, तेलाच्या काळ्या रेघांचा.

"तुजी वीत ल्हान हाय, शेट," तो म्हणाला. "एक बोट कमी धर."

आयुष्यभर मी दुसऱ्यांना भाव कमी करायला लावत आलो. त्या दिवशी मी हूं की चूं न करता एक बोट कमी धरलं, आणि जुनी वायर पुन्हा पहिल्यापासून मोजून तिन्ही खोक्यांतल्या वायरी मोजायला घेतल्या. तो काउंटरला हात टेकून उभा राहिला. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. आम्हा दोघांपैकी कुणीच तिकडे पाहिलं नाही.